पोस्टमनचं एपीआय नेटवर्क: दोन वर्षं वापरून सांगतो

बेळगावच्या टिळकवाडीत आमचं तिघांचं छोटं ऑफिस. रविवार पेठेतल्या व्यापाऱ्यांना बिलं आणि साठ्याची सॉफ्टवेअरं करून देतो. एपीआय, म्हणजे एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याकडून माहिती किंवा काम मागून घ्यायची सोय, शोधण्यात आधी तासन्‌तास जायचे. २००५ पासून चाललेली प्रोग्रॅमेबलवेब ही एपीआयची यादी तर बंदच झाली. पोस्टमन हे एपीआय वापरून बघायचं साधन; त्याच्या पब्लिक एपीआय नेटवर्कवर, म्हणजे सगळ्यांना खुल्या यादीत, मात्र नुसती नावं नाहीत. कलेक्शन (तयार विनंत्यांचा संच) फोर्क करायचं, म्हणजे आपली प्रत घ्यायची, आपली एपीआय की (वापरासाठीची गुप्त किल्ली) घालायची, सेंड दाबायचं, उत्तर समोर! एक ओळ कोड लिहायच्या आधीच कळतं, हे आपल्या कामाचं आहे का.

पण मला खरं मोल वाटतं ते पोस्टमनमधल्या खासगी डिरेक्टरीचं, म्हणजे फक्त आपल्या टीमला दिसणाऱ्या यादीचं. खानापूरच्या एका तांदूळ व्यापाऱ्यासाठी जीएसटी हिशेबाचं एपीआय मी केलं होतं. सहा महिन्यांनी सहकाऱ्यानं तेच पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, कारण ते आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. चार दिवस गेले की ओ! आता प्रत्येक एपीआय तिथं नोंदवतो, सांभाळणाऱ्याचं नाव आणि नमुना उत्तरासकट.

कलेक्शन सार्वजनिक करण्याआधी आतली एपीआय की काढलीय ना, हे दोनदा तपासा. सरकारी सेवा हव्या असतील तर मात्र आधी एपीआय सेतू हे भारत सरकारचं एपीआयचं पोर्टल बघा.