टॉमकॅटचं क्लस्टर, हॅप्रॉक्सी आणि कीपअलाइव्ह्ड: दहा महिने वापरल्यावर

आमची पतसंस्था कोल्हापूरची, शाखा २३. मुख्य शाखेच्या दुसऱ्या मजल्यावर सर्व्हर रूम आहे आणि ती आम्ही तिघं सांभाळतो. मागच्या दिवाळीपर्यंत सगळा कारभार एका टॉमकॅटवर, म्हणजे जावातलं ॲप चालवणाऱ्या एका सर्व्हरवर, चालायचा. वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्या मशीनचा मदरबोर्ड गेला. दिवाळीसाठी वर्षभर साठवलेली ठेव काढायला माणसं आलेली, हातात पासबुकं, आणि काउंटर पाच तास बंद. एक आजी जिन्याच्या पायरीवर बसून होत्या, त्यांना गडहिंग्लजची शेवटची गाडी गाठायची होती. बॅकअप आमच्याकडे व्यवस्थित होता. पण बॅकअपमुळे नोंदी वाचतात, काउंटर सुरू होत नाही, हे त्या दिवशी कळलं.

नोव्हेंबरात नवी मांडणी उभी केली. पुढे दोन लहान मशीन, त्यांवर हॅप्रॉक्सी (आलेल्या विनंत्या मागच्या सर्व्हरना वाटून देणारा) आणि कीपअलाइव्ह्ड (एक मशीन पडलं की दुसऱ्याला पुढे करणारा). मागे टॉमकॅट ९ चे तीन नोड, म्हणजे तेच ॲप चालवणारे तीन सर्व्हर. त्याखाली पोस्टग्रेस १५ या डेटाबेसचे दोन सर्व्हर, त्यांतला मुख्य कोण ते सांभाळणाऱ्या पॅट्रोनीच्या ताब्यात, आणि तो निर्णय बहुमतानं नोंदवणाऱ्या ईटीसीडीचं मत देण्यापुरतं तिसरं छोटं मशीन. शिवाय पुण्यात भाड्याच्या रॅकमध्ये डेटाबेसची एक प्रत आणि एक टॉमकॅट. मोठी क्लस्टर आपोआप चालवणाऱ्या कुबरनेटीसचा विचार झाला होता. तीन माणसांत ते सांभाळायला जमणार नाही असं मला वाटलं, आजही वाटतं. सॉफ्टवेअर सगळं मोफत, खर्च झाला तो मशीनवर.

अशी मांडणी करायला बसलेल्यांना मला एकच सांगायचं आहे. दुसरं मशीन घेणं सोपं असतं. पहिलं मेलं आहे हे कोण ठरवणार आणि कशावरून ठरवणार, ते अवघड असतं. दहा महिन्यांत आम्हाला ज्या अडचणी आल्या, त्यातल्या बहुतेक या एका प्रश्नाच्या आहेत.

सगळ्यात जास्त शिकवलं ते हेल्थ चेकनं. हॅप्रॉक्सी दर २ सेकंदांनी प्रत्येक टॉमकॅटला विचारतो. लागोपाठ ३ वेळा उत्तर बिघडलं की तो नोड बाद, लागोपाठ २ वेळा नीट आलं की परत आत. म्हणजे साधारण ६ सेकंदांत निकाल. हे आकडे आम्ही बदलले नाहीत, पुरेसे आहेत. चुकलं ते विचारायचा प्रश्न. आम्ही चेकसाठी एक साधं स्थिर पान दिलं होतं. डिसेंबरात एका संध्याकाळी थकबाकीच्या यादीनं दुसऱ्या नोडवरची डेटाबेसची सगळी कनेक्शनं धरून ठेवली. त्या नोडला कुठलंच काम करता येईना, पण स्थिर पान तो हसतमुखानं देत होता. हॅप्रॉक्सीच्या लेखी तो ठणठणीत.

त्यात भर पडली लीस्टकॉनची. ज्याच्याकडे चालू कनेक्शनं कमी, त्याला पुढची विनंती द्यायची, अशी ही पद्धत. दुसऱ्या नोडवर कनेक्शन मिळालं नाही की ॲप तत्काळ एरर परत करत होतं, त्यामुळे तो नोड कायम मोकळा दिसायचा. आजारी नोडकडेच सगळी रांग वळली. बहुतेक काउंटरवाल्यांना कळलंसुद्धा नाही, कारण त्यांच्या ब्राउझरमध्ये कुठल्या नोडवर जायचं ते सांगणारी कुकी होती आणि पहिल्या-तिसऱ्या नोडवर बसलेले तिथेच राहिले. पिग्मी एजंटांच्या मोबाइल ॲपला कुकी नव्हती. संध्याकाळी सहा-सातला ते दिवसभराची वसुली चढवतात, आणि एकेकाचा फोन यायला लागला, ‘मॅडम, अपलोड होईना ओ, काय करायचं?’

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. चेकमध्ये थेट डेटाबेसला क्वेरी मारायला लावली. जानेवारीत डेटाबेस दहा-बारा सेकंद अडखळला, एवढंच निमित्त झालं आणि तिन्ही नोडांचे चेक एकदम पडले. हॅप्रॉक्सीनं तिघांनाही बाहेर काढलं आणि सगळ्या शाखांना ५०३, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’. डेटाबेस तर तेवढ्यात सावरला होता.

आता चेक फक्त स्वतःच्या तब्येतीविषयी बोलतो. या नोडचे थ्रेड (विनंत्या हाताळणारे धागे) शिल्लक आहेत का, डेटाबेस कनेक्शनच्या ठरावीक साठ्याबाहेर, म्हणजे पूलबाहेर, कुणी दहा सेकंदांपेक्षा जास्त ताटकळलं आहे का, एवढंच. डेटाबेस जिवंत आहे की नाही हे पॅट्रोनीनं बघायचं. जे सगळ्यांचं सामाईक आहे त्याच्या दुखण्यावरून एकेका नोडला बाद करायचं नाही, हा नियम मी भिंतीवर लिहून लावला आहे. फेब्रुवारीपासून या बाबतीत शांतता आहे.

कीपअलाइव्ह्डचं काम दिसायला छोटं. दोन हॅप्रॉक्सींपैकी एकाकडे सामाईक आयपी (शाखा ज्या पत्त्यावर येतात तो) असतो आणि तो दर सेकंदाला ‘मी आहे’ असा संदेश पाठवतो. दुसऱ्यानं साधारण साडेतीन सेकंद वाट बघायची आणि संदेश नाहीच आला तर आयपी स्वतःकडे घ्यायचा. केबल उपसून बघितली होती, शाखांना जाणवलंही नाही. मग मार्चच्या सुरुवातीला हार्डवेअर पुरवठादाराच्या माणसानं स्विच बदलून दिला. हे संदेश डिफॉल्टनं २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पोचणाऱ्या) पत्त्यावर जातात, आणि नव्या स्विचच्या सेटिंगमध्ये ते अडकले. दोन्ही मशीनांना वाटलं की दुसरं मेलं. दोघांनीही आयपी घेतला.

लक्षणं विचित्र होती. मुख्य शाखेतले काही काउंटर एका मशीनकडे, बाहेरच्या शाखा दुसऱ्याकडे, आणि मध्येच कुणाचं तरी कनेक्शन तुटायचं. दोन तास आम्ही ॲपचे लॉग चाळत बसलो. शेवटी सहकाऱ्यानं दोन्ही मशीनांवर आयपीची यादी काढली आणि दोन्हीकडे तोच पत्ता दिसला.

तेव्हा आम्ही वाचलो, कारण दोन्ही हॅप्रॉक्सींचं कॉन्फिगरेशन तंतोतंत एक होतं आणि मागे तेच तीन टॉमकॅट होते. हेच डेटाबेसचं झालं असतं तर एकाच खात्याच्या दोन खतावण्या तयार झाल्या असत्या, दोन्हींत वेगळी शिल्लक, आणि खरी कुठली ते सांगायला कुणी नाही. म्हणून डेटाबेसला दोन मशीनांवर आपोआप फेलओव्हर (एक पडला की दुसऱ्यानं मुख्य होणं) मी कधीच देणार नाही. तिसरं मत हवंच. ईटीसीडीत तिघांपैकी दोघांचं एकमत झाल्याशिवाय मुख्य सर्व्हर ठरत नाही, आणि ज्याला बहुमताशी बोलता येत नाही तो स्वतःहून मुख्यपद सोडतो. कीपअलाइव्ह्डमध्ये आता मल्टिकास्ट बंद करून एकमेकांचे पत्ते थेट दिले आहेत. नोप्रीएम्प्टही लावलं, नाहीतर जुनं मशीन परत उठलं की आयपी हिसकावून घेतं आणि शाखांना दुसऱ्यांदा हिसका बसतो.

सेशनच्या, म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाच्या चालू कामाची नोड जी आठवण ठेवतो तिच्या, बाबतीत आम्ही टॉमकॅटचा डेल्टामॅनेजर वापरला. एका नोडवरचं सेशन बाकी सगळ्यांकडे उतरतं. तीन नोडांना ठीक आहे, दहा असते तर प्रत्येकाची प्रत प्रत्येकाकडे पाठवण्यातच दम गेला असता. पहिल्या चाचणीत नोड पाडला तेव्हा कुणालाही परत लॉगिन करावं लागलं नाही आणि आम्ही खूश झालो. खरी गडबड महिन्याभरानं दिसली. इचलकरंजीच्या शाखेत रोखपालबाई संध्याकाळी नोटांचा तपशील भरत होत्या, तेवढ्यात त्यांचा नोड आम्ही अपडेटसाठी बंद केला. त्यांनी ५०० च्या ११२ नोटा टाकल्या होत्या, पुढच्या नोडवर स्क्रीनला ९४ दिसल्या. बाई अनुभवी. रोकड परत मोजली आणि मला फोन केला, ‘माझी मोजणी बरोबर आहे. तुमचं काय चुकलंय ते बघा.’

कारण सापडायला दोन दिवस लागले. सेशनमध्ये ठेवलेलं ऑब्जेक्ट आमचा कोड जागच्या जागी बदलत होता. डेल्टामॅनेजर विनंतीच्या शेवटी तेवढेच बदल पाठवतो, जे सेटॲट्रिब्यूटनं परत ठेवलेले असतात. आतल्या आत बदललेलं त्याला दिसत नाही. म्हणजे ९४ पर्यंतचं उतरलं होतं, नंतरचं नव्हतं. कोडमध्ये अशा १७ जागा निघाल्या. शिवाय शोधाच्या अख्ख्या याद्या सेशनमध्ये पडून असायच्या आणि त्या सगळ्या विनाकारण तिन्हीकडे फिरायच्या. आता सेशनमध्ये फक्त लॉगिन, शाखा आणि कामकाजाची तारीख असते. अर्धवट व्हाउचर आणि नोटांचा तपशील डेटाबेसच्या मसुदा टेबलात जातो. क्लस्टर उभारण्याआधी कोणी विचारलं तर मी हेच काम सगळ्यात आधी करायला सांगेन, सर्व्हर विकत घ्यायच्याही आधी.

आणखी एक चूक फेब्रुवारीतली. आवर्त ठेवीच्या हप्त्याचा एसएमएस पाठवणारं काम ॲपच्या आत ठरल्या वेळी चालायचं. नोड तीन झाले, काम तीनदा चाललं. सभासदांना तीन-तीन एसएमएस गेले आणि शाखेत माणसं विचारायला आली, तीन हप्ते भरायचे का म्हणून. एसएमएस होता म्हणून निभावलं, व्याज तीनदा जमा झालं असतं तर? आता असं प्रत्येक काम आधी डेटाबेसमध्ये कुलूप मिळवतं, ज्याला मिळालं तोच नोड पुढे जातो.

३१ मार्च व्यवस्थित गेला. तयारी करताना एकच हिशेब कसोशीनं केला होता. ऐन गर्दीत तिन्ही नोडांवर भार ४५ टक्क्यांच्या आसपास होता. एक पडला तर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी ६७-६८ टक्के येतात, म्हणजे झेपतं. हेच तिघं ७० वर चालत असते तर एक पडताच बाकीचे दोघं १०५ वर गेले असते आणि तेही पडले असते. असं क्लस्टर कागदावरच शाबूत असतं.

संचालक मंडळापुढे मांडणी नेली तेव्हा टक्केवारीनं काम झालं नाही. ९९.९ टक्के वेळ चालू म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद, ९९.९९ म्हणजे ५२-५३ मिनिटं, असं सांगितल्यावर चर्चा सुरू झाली. खरा निर्णय मात्र वेगळाच होता आणि तो तांत्रिक माणसानं घ्यायचा नव्हता. दुसरा डेटाबेस सर्व्हर बंद असेल तर एकट्यावर व्यवहार चालू ठेवायचे की दुसरा येईपर्यंत थांबायचं? चालू ठेवले आणि तो एकटाही गेला, तर मधल्या नोंदी हरवू शकतात. थांबलो तर काउंटर बंद. मंडळानं दिवसा एकट्यावर चालू ठेवायचं ठरवलं, पण अशा वेळी प्रत्येक शाखेनं व्हाउचरची कागदी प्रत दिवसअखेरपर्यंत जपायची अशी अट घातली. पॅट्रोनीचा सिंक्रोनस मोड (नोंद दुसऱ्या सर्व्हरवरही पोचल्याशिवाय पक्की न धरणारा) आम्ही त्यानुसार लावला आहे, दुसरा नसेल तर व्यवहार थांबवणारा कडक पर्याय बंद ठेवून. जून महिन्यात दुसऱ्या सर्व्हरची डिस्क बदलताना दीड तास असाच गेला.

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त आनंद ज्याचा होतो ते बिघाडाशी संबंधितच नाही. पूर्वी अपडेट म्हणजे रात्री अकरानंतर थांबणं. आता दुपारी तीनला हॅप्रॉक्सीत एक नोड ड्रेनवर टाकते. त्यावर बसलेले लोक आपापलं काम संपवतात, नवे दुसरीकडे जातात. नोड रिकामा झाला की अपडेट करायचं आणि परत आत घ्यायचा. स्लोस्टार्ट, म्हणजे परतलेल्या नोडवर भार हळूहळू वाढवणं, ६० सेकंद ठेवला आहे, नाहीतर नुकत्याच उठलेल्या टॉमकॅटवर एकदम गर्दी येते. पथ्य एकच, थोडा वेळ जुनी आणि नवी आवृत्ती एकत्र चालणार, त्यामुळे टेबलात रकाना आधी वाढवायचा आणि जुना पुढच्या वेळी काढायचा. माझी मुलगी आठवीत आहे. तिच्याबरोबर रात्रीचं जेवण आता ठरल्या वेळी होतं.

दर महिन्याला आम्ही एक मशीन मुद्दाम पाडतो. आधी रविवारी पाडायचो, तेव्हा सगळं सुरळीत दिसायचं कारण कुणी कामावरच नसायचं. एप्रिलपासून कामाच्या दिवशी दुपारी साडेचारला पाडतो, शाखांना सांगून. रोखपालबाईंचा प्रसंग रविवारी कधीच सापडला नसता.

पुण्याचं शेवटी सांगते. कोल्हापूर सोडून कारभार पुण्याच्या मशीनांवर न्यायचा, म्हणजे पुण्याला जायचं, की नाही हे मशीननं ठरवायचं नाही, हे पहिल्यापासून पक्कं होतं. मधली लाइन तुटली म्हणून कोल्हापूर मेलं असं होत नाही. पण माणसानं तरी कशावरून ठरवायचं? २०१९ चा पूर इथल्या सगळ्यांना आठवतो. म्हणून आम्ही पंचगंगेची पातळी धरली. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला लागलं की काउंटर बंद झाल्यावर, सगळं शाबूत असताना, पुण्याला जायचं. ४३ ची वाट बघायची नाही, कारण तोवर लाइट, लाइन आणि कामावर येणारी माणसं, तिन्हींचा भरवसा नसतो.

जुलैत एकदा तशी वेळ आली आणि आम्ही गेलो. पुण्याची प्रत शेवटच्या नोंदीपर्यंत आली याची खात्री केली, इथला डेटाबेस बंद केला, तिथला मुख्य केला. दुसऱ्या दिवशी शाखा पुण्यावरून चालल्या, जरा सावकाश, पण चालल्या. पाणी उतरल्यावर परत यायला २८ मिनिटं लागली. त्यातली १९ मिनिटं शाखांच्या राउटरमध्ये एकेक करून पत्ता बदलण्यात गेली. सध्या तेच काम हातात घेतलं आहे, २३ पैकी ९ शाखा झाल्या आहेत.