रिव्हर्सो ट्रिब्यूट मोनोफेस: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

जेगर-लकूल्ट्रच्या या उलटवता येणाऱ्या घड्याळात पैसे यंत्राचे कमी, डबीचे (बाहेरच्या केसचे) जास्त आहेत. आठ महिन्यांत हे मत पक्कं होत गेलं.

यंत्र साधं, सरळ. हाताने चावी द्यायचं 822 कॅलिबर (यंत्राचं मॉडेल), ताशी 21,600 ठोके, पूर्ण चावीवर 42 तास. शनिवारी सकाळी चावी देऊन रविवारी विसरलात, तर सोमवारी पहाटे घड्याळ बंद. चावी मनगटावरून काढूनच द्यावी. हातात असताना क्राउन, म्हणजे चावीची गुंडी, तिरका ओढला जातो आणि त्याच्या दांडीवर ताण येतो. अडलं की थांबायचं.

डबीची गोष्ट वेगळी. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. ती तक्रार घड्याळांचे व्यापारी सेझार द त्रे यांनी स्वित्झर्लंडला नेली, रेने-आल्फ्रेद शोव्हो यांनी सरकून उलटणारी डबी आखली आणि 4 मार्च 1931 रोजी पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज गेला. सुरुवातीच्या रिव्हर्सोत तर लकूल्ट्रचं यंत्रही नव्हतं, टावान या दुसऱ्या कंपनीचं होतं! डबी आधी, यंत्र मागाहून.

उलटवताना ती शेवटपर्यंत सरकवायची, मग फिरवायची, मग खट् आवाज येईपर्यंत परत बसवायची. अर्धवट सरकवून फिरवली की कडा घासतात. खाचेत धूळ शिरली की करकर सुरू होते; डबी उभी ठेवून रबरी फुंकणीने हवा मारा, कोरडा मऊ ब्रश फिरवा. तेल अजिबात नको, त्याला धूळ आणखी चिकटते.

आता काच सफायरची आहे, पोलादापेक्षा कितीतरी कठीण. त्यामुळे काच वाचवायला पाठ पुढे केली की ओरखडे नेमके पाठीवरच उमटतात. पाठीवर नाव कोरलं असेल तर पॉलिश जपून. दर खेपेला अक्षरं उथळ होतात.

डबीवरच्या 30 मीटरचा अर्थ हात धुताना उडालेलं पाणी, पोहणं नव्हे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत खरा बळी चामड्याच्या पट्ट्याचा जातो. दोन पट्टे आलटून पालटून वापरा, घामाने भिजलेला सावलीत वाळवा.

घड्याळ अचानक रोज काही मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर आधी चुंबकाचा संशय घ्या: फोनचं कव्हर, स्पीकर, बॅगेचं बटण. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात. घड्याळ उघडण्याआधी होकायंत्राजवळ धरा. सुई हलली तर चुंबकत्व काढून घ्या, काम दोन मिनिटांचं आहे.