जुन्यातच रॅम, नवा थिंकपॅड की मॅकबुक एअर? प्रोग्रॅमरसाठी तुलना

लॅपटॉप हळू झाला, ही तक्रार अपुरी आहे. बिल्ड (लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणं) लांबतो, टॅब बदलताना खिडकी गोठते आणि मशीन चालू व्हायला चार मिनिटं लागतात, ही तीन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचं मूळ बहुतेक वेळा प्रोसेसरात असतं, दुसऱ्याचं मेमरीत आणि तिसऱ्याचं डिस्कमध्ये. यातलं आपलं कुठलं, हे कळल्याशिवाय लाखभर रुपये मोकळे करू नयेत.

विंडोजवर रोजचा सगळा पसारा (आयडीई म्हणजे कोड लिहिण्याचं साधन, कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमचे बंदिस्त डबे चालवणारं डॉकर, ब्राउझर, कॉलचं अॅप) उघडा आणि टास्क मॅनेजरमधलं मेमरीचं पान बघा. 'कमिटेड'चा आकडा बसवलेल्या रॅमच्या वर गेला असेल आणि त्याच वेळी डिस्क शंभर टक्क्यांना टेकत असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. लिनक्सवर व्हीएमस्टॅट ही आज्ञा लावून एसआय आणि एसओ (डिस्कवरून मेमरीत आणि मेमरीतून डिस्कवर होणारी ने-आण) हे रकाने पाहा. ते सतत शून्याच्या वर असतील तर मशीन डिस्कला रॅमसारखं वापरतंय. मॅकवर अॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख मेमरी कमी पडली की पिवळा-लाल होतो. मेमरी निवांत आहे आणि प्रोसेसरचे सगळे कोअर मात्र बिल्डभर पूर्ण जुंपलेले आहेत, असं दिसलं तरच नवा प्रोसेसर हे औषध.

खालची तुलना 2018 ते 2021 च्या दरम्यानचा, 8 किंवा 16 जीबी रॅमचा लॅपटॉप हाताशी आहे असं धरून केली आहे. तो उघडून वाढवायचा, थिंकपॅड टी14 च्या जातीचा नवा इंटेल-एएमडी लॅपटॉप घ्यायचा, की मॅकबुक एअर?

जुन्यालाच वाढवणं

आधी वाढतो का ते बघा. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. 'फॉर्म फॅक्टर'पुढे एसओडीआयएमएम (काढता-घालता येणारी रॅमची काडी) लिहिलं असेल तर रॅम बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बोर्डाला सोल्डर केलेली आहे. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये 8 जीबी सोल्डर आणि एक स्लॉट मोकळा, असा अर्धवट प्रकार असतो. त्यात 16 ची काडी घातली की 24 जीबी होतात. त्यातला 16 चा भाग दुहेरी चॅनलवर (दोन वाटांनी, म्हणून जास्त वेगाने) आणि उरलेला एकेरीवर चालतो. कोड लिहिण्याच्या कामात हा फरक जाणवत नाही, त्यामुळे जोडी जुळवण्याच्या हट्टापायी पैसे घालवू नका.

या काळातल्या बहुतेक मशीनना डीडीआर4 लागते. 3200 ची काडी 2666 च्या मशीनमध्ये घातली तर ती 2666 नेच चालेल, बिघडणार काही नाही. डीडीआर5 मात्र त्या खाचेत बसतच नाही. डिस्कच्या बाबतीत एम.2 या पट्टीसारख्या डिस्कच्या खाचेचा आकार बघून फसायला होतं. 2018-19 च्या काही स्वस्त लॅपटॉपमध्ये एम.2 खाच असते, पण तिच्या मागे साटा ही जुनी, संथ जोडणीच असते. तिथे एनव्हीएमई (वेगवान, पीसीआयई जोडणीची) डिस्क ओळखली जाणार नाही. लांबी 2280 की 2242 (80 की 42 मिलिमीटर), तेही सर्व्हिस मॅन्युअलमधून नक्की करूनच मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठा. साटाची मजल सेकंदाला साधारण 550 एमबी, पीसीआयई 3 च्या एनव्हीएमईची साडेतीन हजारांच्या आसपास. पीसीआयई 4 ची महागडी डिस्क जुन्या खाचेत चालेल, पण जुन्याच वेगाने.

काम तासाभराचं, पण क्रम चुकला तर दिवस जातो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन) आधी पूर्ण बंद करा आणि डिक्रिप्शन संपू द्या. नुसतं स्थगित ठेवलं तर डिस्कची नक्कल करणाऱ्या क्लोनझिलाला ते विभाजन वाचता येत नाही, मग तो रिकामी जागासुद्धा सेक्टर-सेक्टर करून उतरवत बसतो. रिकव्हरीची 48 अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) हात घातला की विंडोज ती मागू शकतं, आणि ती त्याच लॅपटॉपवर साठवलेली असेल तर कपाळाला हात. नवी डिस्क यूएसबी एन्क्लोजरमध्ये घालून क्लोन करा. थिंकपॅडसारख्या मशीनमध्ये अंगची बॅटरी बायोसमधून बंद करण्याची सोय असते, ती वापरून मगच झाकण उघडा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा पडदा मिनिटभर काळा राहू शकतो. मशीन मेमरीची जुळवणी करत असतं, घाबरून बटण दाबू नका.

या मार्गाच्या आड दोन गोष्टी येतात. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला; घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा दुरुस्ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. विंडोज 11 साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते. सातव्या पिढीच्या मशीनवर खर्च करायचा तर पुढे लिनक्स चालवायची तयारी असावी. दुसरी अडचण रॅमच्या दराची. 2025 च्या उत्तरार्धात मेमरी झपाट्याने महागली, आणि डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. 'रॅम काय, स्वस्तात मिळते' हे जुनं गणित आता दुकानात विचारूनच मांडा.

नवा इंटेल किंवा एएमडी

या गटात सगळ्यात जास्त पैसे नावातल्या एका अक्षरापायी वाया जातात. थिंकपॅड टी14 च्या पाचव्या पिढीत (2024) रॅमला दोन स्लॉट आहेत. शेजारीच मांडलेल्या, हलक्या आणि देखण्या टी14एस मध्ये रॅम सोल्डर केलेली. इंटेलच्या कोअर अल्ट्रा 200व्ही मालिकेत तर मेमरी प्रोसेसरच्याच पुडक्यात येते, 16 किंवा 32 जीबी, पुढे काही बदलायचं नाही. बॅटरीच्या दृष्टीने ती मालिका उत्तम आहे. फक्त 16 घेऊन 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांसाठी ती नाही. स्लॉटवालं मशीन 16 च्या एका काडीवर घेऊन वर्षभराने दुसरी घालणं, हे आमच्या मते पगारदार प्रोग्रॅमरला सगळ्यात परवडणारं धोरण आहे.

डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरणाऱ्यांनी आणखी एक हिशोब करावा. डब्ल्यूएसएल 2 यजमानाच्या निम्म्या रॅमपर्यंत हात मारू शकतं. 16 मधले 8 तिकडे, उरलेल्या 8 मध्ये विंडोज, ब्राउझर आणि आयडीई, म्हणजे नव्या लॅपटॉपवरही जुनाच अनुभव. डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा घालता येते. कोड मात्र लिनक्सच्या फाइलप्रणालीतच ठेवा. सी ड्राइव्हवरचा प्रकल्प डब्ल्यूएसएलमधून उघडला की दर फाइलमागे दोन जगांमधला पूल ओलांडावा लागतो, आणि हजारो चिमुकल्या फाइल असलेलं नोड मॉड्यूल्स (जावास्क्रिप्ट प्रकल्पाच्या लायब्ररींचं) फोल्डर तिथे रांगतं. लोक यासाठी प्रोसेसरला शिव्या घालतात.

थेट लिनक्स टाकताना इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, हा इंटेल मशीनवरचा नेहमीचा प्रकार. कारण बायोसमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या पद्धती) चालू असतं. ते बंद करून एएचसीआय ही साधी पद्धत लावली की डिस्क दिसते, पण विंडोजही ठेवायचं असेल तर आधी सेफ मोडची तयारी करून मग बदला, नाहीतर विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. झोपेचाही प्रश्न आहे. नव्या लॅपटॉपमध्ये पूर्वीची एस3 (जवळपास सगळं बंद करणारी) झोप सहसा नसते. तिच्या जागी आलेल्या मॉडर्न स्टँडबायमध्ये मशीन अर्धवट जागं राहतं, आणि पाठीवरच्या बॅगेत तापून लोकल ठाण्याला पोचेपर्यंत बॅटरी उतरवून ठेवतं. झाकण मिटल्यावर हायबरनेट, ही सेटिंग पहिल्याच दिवशी करा.

मॅकबुक एअर

मार्च 2025 मध्ये आलेला एम4 चा एअर 16 जीबीपासून सुरू होतो, 24 आणि 32 चे पर्याय आहेत. जी घ्याल ती कायमची. पंखा नाही. कोड लिहिणं, वेब सर्व्हर, चाचण्या, छोटे बिल्ड यांत त्याचा हात धरणारं या किमतीत फारसं काही नाही. पण वीस-पंचवीस मिनिटांचा बिल्ड सलग चालवला की तो तापून वेग कमी करतो, मे महिन्यात एसीविना बसलात तर लवकरच. असे बिल्ड रोजचे असतील तर पंखा असलेला मॅकबुक प्रो घ्यावा. दोन बाहेरचे मॉनिटर हवे असणाऱ्यांनी सेकंडहँड एअर घेताना जपावं: एम1 आणि एम2 वर एकच चालतो, एम3 वर झाकण मिटल्यावर दोन, एम4 वर झाकण उघडं ठेवूनही दोन.

आयओएस अॅप करत असाल तर ही तुलना इथेच संपते. ते बनवणारं एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. कूडा (ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड चालवण्याची प्रणाली) लागत असेल तरीही संपते, उलट बाजूने, कारण ते एनव्हिडियाच्या कार्डाशिवाय चालत नाही.

उरलेल्यांनी आपला कोड शेवटी कुठे चालतो ते विचारात घ्यावं. मॅकचा प्रोसेसर आर्म या, इंटेलहून वेगळ्या, जातीचा आहे. सर्व्हर अॅमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉन या आर्म प्रोसेसरवर असेल तर दुधात साखर. सर्व्हर इंटेल जातीचा असेल तर नव्या कोडला सहसा अडत नाही, जुन्याला अडतं. मायएसक्यूएल 5.7 या डेटाबेसची अधिकृत डॉकर इमेज (कंटेनरचा तयार साचा) आर्मसाठी नाही. एसक्यूएल सर्व्हरची इमेजही इंटेल जातीचीच, तिला रोझेटाच्या (इंटेलचा कोड आर्मवर चालवणाऱ्या अॅपलच्या अनुवादकाच्या) कुबड्या लागतात. नोड 16 च्या आधीच्या आवृत्त्यांना मॅक-आर्मची तयार बायनरी मिळत नाही. बँका-विमा कंपन्यांची दहा वर्षं जुनी प्रणाली सांभाळणाऱ्याने आपली कंपोज फाइल (कंटेनरची यादी) ओळीओळीने तपासून मगच दुकानात पाऊल टाकावं. रोझेटाही कायमचा नाही. अॅपलने सांगितल्याप्रमाणे तो मॅकओएस 27 पर्यंत पूर्ण रूपात राहील, पुढे मोजक्या जुन्या खेळांपुरता.

डॉकर डेस्कटॉप इथेही निम्म्या मेमरीपर्यंत जाऊ शकतं, म्हणून कंटेनरवाल्यांना 24 जीबी हा खरा आरंभ. 250 हून जास्त कर्मचारी किंवा वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न असलेल्या कंपनीत त्याला पैसे मोजावे लागतात; कोलिमा किंवा पॉडमन या फुकट पर्यायांवर बहुतेकांचं भागतं.

जुन्या इंटेल मॅकवरून येणाऱ्यांनी मायग्रेशन असिस्टंटने सगळं उचलून आणू नये. होमब्र्यू (मॅकवर अवजारं बसवणारं साधन) पूर्वी यूएसआर-लोकलमध्ये असायचं, आता ऑप्ट-होमब्र्यूमध्ये. जुनं तसंच आलं की सगळी अवजारं रोझेटातून, संथपणे चालत राहतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. याद्या काढून नव्याने बसवा. मॅकची डिस्क मूळ मांडणीत लहान-मोठी लिपी एकच समजते, हेही ध्यानात ठेवा. फाइलचं नाव मोठ्या अक्षराने आणि इम्पोर्ट लहान अक्षराने असेल तर मॅकवर चालतं, लिनक्स सर्व्हरवर पडतं.

(देवनागरी टायपिंगसाठी यापैकी काही निवडण्याची गरज नाही, इनस्क्रिप्ट (देवनागरी कीबोर्डची सरकारी मांडणी) तिन्ही प्रणालींत आहे. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं मोडतात, तीही सगळीकडेच.)

आकडा कुठे बसतो

मोजणीत फक्त मेमरी कमी पडली, स्लॉट मोकळा आहे, प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा आणि बॅटरीची क्षमता मूळच्या साठ टक्क्यांच्या वर (विंडोजचा पॉवरसीएफजी बॅटरी अहवाल देतो) असेल, तर जुन्यात रॅम घाला आणि दोन वर्षं विसरा. बॅटरी, बिजागरी आणि रॅम तिन्ही बदलायचे असतील तर तो खर्च नव्याच्या हप्त्यात घाला. बॅकएंडचं काम, जुनी डेटाबेस, बरेच कंटेनर: स्लॉटवाला टी14 वर्ग, 32 जीबी. फ्रंटएंड, मोबाइल, सतत प्रवास: एअर, 24 जीबी. डिस्क तिन्हीकडे 512 ला कमी घेऊ नका, डॉकरच्या इमेजा आणि अँड्रॉइडचे इम्युलेटर 256 सहज गिळतात.

जीएसटी नोंदणी असलेल्या फ्रीलान्सरने बिल व्यवसायाच्या क्रमांकावर घ्यावं. 18 टक्के कराचं क्रेडिट मिळतं. मग त्या कराच्या रकमेवर घसारा मात्र धरता येत नाही.

चार्जर 65 वॅटचा असला तरी केबल 60 वॅटचीच असेल तर तो 60 च्या पुढे जात नाही. त्यापलीकडे ई-मार्कर चिपची केबल लागते. गाडीवरची दहा रुपये कमीची केबल इथे नडते.

सामान हलवताना

नोड मॉड्यूल्स आणि पायथनचे व्हेंव्ह (प्रकल्पापुरत्या लायब्ररींचे फोल्डर) नेऊ नका. एकात त्या प्रोसेसरसाठी बांधलेले भाग असतात, दुसऱ्यात जुने पूर्ण पत्ते. पोस्टग्रेस या डेटाबेसचं डेटा फोल्डरही उचलू नका, ते प्रोसेसरच्या जातीशी आणि मुख्य आवृत्तीशी बांधलेलं असतं. डंप (सगळ्या माहितीची निर्यात फाइल) काढा आणि नव्या मशीनवर भरा. डॉकरचे व्हॉल्यूम (कंटेनरचा साठा) प्रकल्पाच्या फोल्डरात नसतात, म्हणून हमखास मागे राहतात. गिटमधल्या न ढकललेल्या शाखा, स्टॅश (बाजूला ठेवलेले बदल) आणि दुर्लक्षित यादीतल्या एन्व्ह (गुप्त सेटिंगच्या) फाइलही तशाच. एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच्या) किल्ल्या एक्सफॅट पेनड्राइव्हवरून आणल्या की परवानग्या सैल होतात आणि एसएसएच त्या नाकारतो. परवानगी किल्लीला 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), फोल्डरला 700. विंडोजवरून आणलेली शेल स्क्रिप्ट कंटेनरमध्ये 'इंटरप्रिटर सापडत नाही' म्हणाली तर ओळींच्या शेवटी सीआरएलएफ (विंडोजचं ओळ संपल्याचं चिन्ह) उरलंय, गिटचं ऑटोसीआरएलएफ तपासा.

जुनं मशीन पंधरा दिवस तसंच ठेवा. ते विकताना मॅकवर फाइंड माय बंद करून खात्यातून काढा, नाहीतर घेणाऱ्याच्या हाती कुलूपबंद पाटी जाईल. एसएसडी पुसायला बायोसमधलं सिक्युअर इरेज वापरा; फाइल डिलीट करून कचरापेटी रिकामी केल्याने क्लायंटची गुपितं जात नाहीत.