टोल्युइन की आयनिक द्रव?

किण्वनाच्या रसातून पदार्थ वेगळा काढायला पाण्यात न मिसळणारा द्रावक (विरघळवणारा द्रव) लागतो. त्यासाठी टोल्युइन स्वस्त, पाण्यासारखं पातळ. रसात ढवळलं की बारीक थेंब होऊन पसरतं. पण त्याची वाफ ४ अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, शिवाय जिवाणूंचं पेशीपटल ते खिळखिळं करतं.

ब्युटाइल-मिथाइल-इमिडॅझोलियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट (हुश्श!) हा आयनिक द्रव, म्हणजे खोलीच्या तापमानालाच वितळलेलं मीठ. वाफ जवळपास नाहीच. २००० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी टोल्युइनऐवजी हे वापरून ऱ्होडोकॉकस जिवाणूंकडून काम करून घेतलं, एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही वेगळं काढलं.

मात्र ते टोल्युइनच्या शेकडो पट दाट, आणि महाग. पाण्यासोबत तापलं तर काच खाणारं हायड्रोजन फ्लोराइड सुटतं. याला म्हणे ‘हरित’! मोठ्या टाकीसाठी मी तरी दोन्ही सोडून ब्युटाइल ॲसिटेट हा तिसरा द्रावकच मागवेन.