ब्युटाइल ट्यूब की साधी रबरी?

भाचा विचारतोय, बाइकच्या मागच्या चाकात कुठली ट्यूब टाकू, ब्युटाइल (म्हणजे कृत्रिम रबराची) की साधी (नैसर्गिक रबराची). आधी साइज बघ रे, टायरवर २.७५-१८ असेल तर ट्यूबवरही तेच हवं, मोठी कोंबली की आत घडी पडते आणि बरोबर तिथेच चिरते. हवा टिकवण्यात ब्युटाइलच भारी, साधीतली भराभर उतरते. पंक्चरला मात्र उलटं, साधीवर पॅच पटकन धरतो, ब्युटाइल नीट घासून सोल्युशन सुकू द्यावं लागतं आणि घाईतला पंक्चरवाला तेवढा थांबेलच असं नाही! किंमत ब्युटाइलची जरा जास्त. कुठलीही घे, टायरमध्ये आतून हात फिरवून अडकलेला काटा काढ, थोडं शंखजिरं (टाल्क पावडर) टाक. रोज ऑफिस आणि हवा चेक करायचा कंटाळा असेल तर ब्युटाइल, शेताच्या वाटेवर बाभळीचे काटेच काटे असतील तर साधी.