जळगावचं रेटिना क्लिनिक : डॉक्टर वेळ देतात, तुम्ही वेळ काढून या

आबांना घेऊन अमळनेरहून इथे येतो. शेतात ठिबकची नळी सरळ टाकलेली पण त्यांना ती मधेच वाकडी दिसायला लागली, "माले रेघ वाकडी दिसस रे" म्हणायचे, चष्मा बदलला तरी तेच. इथे ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) केली तर एएमडी निघालं, म्हणजे वयामुळे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला होणारा आजार. उजव्या डोळ्यात ओला प्रकार, डाव्यात सुका.

मला सगळ्यात आवडलं ते डॉक्टरांचं समजावणं. ते म्हणाले यात इन्फ्लमेशन, म्हणजे आतल्या आत दाह असतो. मी विचारलं की डोळा लाल नाही, ठणकत नाही, मग तुम्ही इन्फ्लमेशन कुठलं म्हणताय? त्यांनी स्क्रीनवर स्कॅन लावला आणि पडद्याखाली साचलेला कचरा दाखवला, ड्रुसेन म्हणतात त्याला. तो साफ करायला शरीराची प्रतिकारशक्ती मागे लागते, पण कचरा काही पूर्ण निघत नाही आणि ते काम वर्षानुवर्षं आतल्या आत धुमसत राहतं, त्यात पडद्याच्या चांगल्या पेशी पण मरतात. हे डॉक्टर नुसतं अंदाजाने नाही म्हणत, 2005 मध्ये कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच या जीनचा आणि एएमडीचा संबंध सापडला, आणि ते जीन प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या प्रोटीनचंच आहे. अमेरिकेत 2023 मध्ये प्रतिकारशक्तीच्या याच यंत्रणेला दाबणारी दोन इंजेक्शनं मंजूर झालीत पण ती सुक्या प्रकारच्या पुढच्या स्टेजला, आणि गेलेली नजर परत आणत नाहीत, फक्त वेग कमी करतात. आबांना सध्या त्याची गरज नाही हे पण त्यांनी स्वतःहूनच सांगितलं.

उजव्या डोळ्याला इंजेक्शन चालू आहे. तिथे नवीन कच्च्या रक्तवाहिन्या फुटून पाणी झिरपतं, त्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ नावाच्या प्रोटीनला हे औषध अडवतं. डोळ्यात सुई म्हटल्यावर आबा घाबरले होते पण भूल देऊन काही मिनिटांत झालं. स्टेरॉइडच्या थेंबांनी हा आजार बसत नाही, मनाने आणून टाकू नका, डोळ्याचं प्रेशर वाढतं, असं स्पष्ट बजावलं.

बिडी बंद करा म्हणून आबांना चांगलंच दरडावलं, आणि बरं झालं. बिडी ओढणाऱ्यांनी डोळ्यांसाठीची बीटा-कॅरोटीन असलेली व्हिटॅमिनची कॅप्सूल घेऊ नये, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून ल्युटीन 10 मिलिग्राम आणि झियाझँथिन 2 मिलिग्राम असलेली लिहून दिली. डब्यावरचं लेबल स्वतः वाचून बघितलं त्यांनी, असं कोण करतं आजकाल!

गर्दी मात्र फार आणि नंबरचा काही नेम नाही, म्हाताऱ्या माणसांना बसायला खुर्च्या पुरत नाहीत, याचं काहीतरी करायलाच पाहिजे, म्हणून एक स्टार कापला. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर काही तास नीट दिसत नाही त्यामुळे पेशंटला एकटं पाठवू नका, आणि मे महिन्यात येत असाल तर काळा गॉगल आणि जुने स्कॅन सोबत ठेवा.