पडलेल्या जर्मन बॉम्बरची ओळख पटवताना: आधी ब्रिटिश कागद की जर्मन यादी?

गेल्या वर्षभरात तीन-चार जणांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. घर दक्षिण लंडनला किंवा केंटमध्ये. मुलांच्या शाळेतून, नाहीतर शेजारच्या आजोबांकडून कळलेलं, की १९४० साली पलीकडच्या शेतात एक जर्मन बॉम्बर पडला होता. तो कुठल्या तुकडीचा, आत कोण होतं, त्यांचं पुढे काय झालं, हे शोधायचंय. तर आधी ब्रिटिश कागद पाहू की जर्मन याद्या? हाताशी फक्त शनिवार-रविवार, त्यामुळे दोन्हीकडे एकदम हात घालणं जमत नाही. मी दोन्ही बाजूंनी सुरुवात करून पाहिली आहे, म्हणून लिहितो. तुमचं प्रकरण वेगळं असेल तर माझं मत बाजूला ठेवा.

ब्रिटिश बाजूला मुख्य कागद हवाई गुप्तवार्ता खात्याच्या दोन विभागांचे. एआय-१(जी)ची माणसं पडलेल्या विमानापाशी जाऊन अवशेष तपासत, एआय-१(के) विभाग कैद्यांची चौकशी करी. हे अहवाल लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात. जर्मन बाजूला लुफ्तवाफेच्या, म्हणजे जर्मन हवाई दलाच्या, क्वार्टरमास्टर जनरलकडे (पुरवठा पाहणाऱ्या प्रमुखाकडे) जमणाऱ्या विमानहानीच्या याद्या. त्या फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत आणि नकला लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमकडे. माणसांची माहिती बर्लिनच्या ज्या कार्यालयाकडे असे, ते २०१९ पासून जर्मनीच्या संघीय अभिलेखागारात सामील झालंय.

ब्रिटिश वैमानिकांच्या झुंजीच्या अहवालांपासून सुरुवात करावी का, असंही लोक विचारतात. वाचायला ते फार रंगतदार असतात, पण ओळख पटवण्यासाठी नकोत. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी १८५ विमानं पाडल्याचं जाहीर केलं, प्रत्यक्षात जर्मनांची गेली ६०च्या आसपास. एकाच बॉम्बरवर चार जणांनी गोळ्या झाडल्या की कागदावर चार बॉम्बर पडतात. हे अहवाल शेवटी पाहावेत, झुंजीची हकिगत जुळवायला.

आता मुख्य दोघांकडे. दोन्ही बाजूंचा स्वभाव कळायला १८ ऑगस्ट १९४० चा केन्ली या ब्रिटिश हवाईतळावरचा हल्ला घेऊ. केजी ७६ या जर्मन बॉम्बर दलाच्या नवव्या स्टाफेलची, म्हणजे त्यातल्या एका छोट्या तुकडीची, नऊ डॉर्नियर बॉम्बर झाडांच्या शेंड्यांना लागून आली. त्यांतलं एक, धडावरचा कोड एफ१+एचटी, केन्लीच्याच गोल्फ रोडवर कोसळलं आणि आतले पाचही जण गेले. दुसरं, एफ१+डीटी, बिगिन हिलजवळच्या लीव्ह्ज ग्रीनला पोटावर उतरलं आणि त्यातले पाचही जण जिवंत पकडले गेले. दिवस एक, स्टाफेल एक, विमानाचा प्रकार एक, मधे थोडेसे मैल. कोडमध्ये फरक एका अक्षराचा, आणि त्या एका अक्षराच्या अलीकडे पाच कबरी तर पलीकडे पाच कैदी. शिवाय डॉर्नियरमध्ये एरवी चौघं असत, इथे दोन्हींत पाच. ‘चार माणसं हवीत’ असं मनाशी धरून यादी चाळणारा माणूस इथे दोन्ही ओळी ओलांडून पुढे जाईल.

ब्रिटिश अहवालाचा मोठा आधार असा, की तो जमिनीवरून सुरू होतो. कुठल्या वाडीजवळ, किती वाजता, पोटावर उतरलं की नाक खुपसून गेलं, रंग कुठला, धडावरची अक्षरं कोणती, इंजिनाच्या पट्टीवर काय, हे सगळं पाहणाऱ्याने लिहिलेलं असतं. एखाद्या मृताच्या गळ्यातल्या बिल्ल्याचा आकडा मिळाला तर फारच उत्तम. लुफ्तवाफेच्या बिल्ल्यावर नाव नसे. तुकडीचा आकडा, तिरकी रेघ आणि माणसाचा आकडा एवढंच. पण बर्लिनच्या नोंदींशी तो जुळवला की नाव मिळू शकतं.

खोटही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जर्मन नावं ऐकून लिहिलेली, त्यामुळे एकच माणूस दोन कागदांवर दोन स्पेलिंगांनी येतो. विमान जळालेलं असेल तर एफ१ मधला ‘१’ हा आकडा इंग्रजी ‘आय’ म्हणून उतरलेला असू शकतो. पट्टीवरचा क्रमांक विमानाचाच असेल असंही नाही. पंख किंवा शेपटी दुसऱ्या कारखान्यातली असली की तिची स्वतःची पट्टी असते, आणि तो आकडा घेऊन जर्मन यादीत शोधलं तर काहीच हाती लागत नाही. नकाशाचे आकडेही जपून वापरा. युद्धकाळातली लष्करी चौकट आजच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या चौकटीपेक्षा वेगळी आहे. मी पहिल्यांदा ते आकडे तसेच्या तसे आजच्या नकाशावर धरले आणि एका भलत्याच टेकडीवर दुपार घालवली.

याच्या तुलनेत जर्मन यादी अगदी नीटनेटकी वाटते. तुकडी, विमानाचा प्रकार, कारखान्याने विमानाला दिलेला क्रमांक, कोड, नुकसान टक्क्यांत, आणि खाली माणसांची नावं हुद्द्यासकट. साधारण ६० टक्क्यांच्या वर नुकसान म्हणजे विमान बाद, १०० म्हणजे पूर्ण गेलं. ही यादी शत्रूला दाखवायला किंवा वर्तमानपत्राला द्यायला केलेली नव्हती. पुढच्या आठवड्यात किती विमानं आणि माणसं पुरवायची याचा तो हिशेब होता, म्हणून तिच्यात फुगवाफुगवी नाही. नावांचं स्पेलिंग बरोबर. हाइंकेल बॉम्बरचे कोड नुसते पाठ करणाऱ्याला तर ही यादी मेजवानीच वाटेल. मलाही वाटली होती.

मग त्या यादीवरून माझं मन का उडालं, ते सांगतो.

केंटमधल्या एका गावाच्या शेतात १९४० च्या शरद ऋतूत रात्री एक हाइंकेल घुसलं होतं. गावाला तिथे छोटा फलक लावायचा होता आणि नावं शोधायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. जर्मन यादी नीटनेटकी, म्हणून तिथून सुरुवात केली. त्या रात्री एकाच गटाची तीन हाइंकेल परतलेली नव्हती. तिन्हींसमोर मजकूर जवळजवळ शब्दशः तोच: लंडनवर मोहीम, परतलं नाही, कारण अज्ञात, १०० टक्के. पडलं कुठे, याचं उत्तर कुठल्याच ओळीत नाही. ते असणार तरी कसं? तळावरची माणसं पहाटेपर्यंत वाट पाहत बसली आणि विमान आलं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. पुढे रेडक्रॉसमार्फत कळलेली माणसं कैदी किंवा मृत म्हणून दुरुस्त होत, पण प्रत्येक ओळीची दुरुस्ती मला सापडेलच असं नव्हतं.

एका ओळीतल्या दोघांचे देह समुद्राने किनाऱ्यावर टाकल्याचं दुसऱ्या नोंदीत मिळालं, म्हणून ते विमान वगळलं. उरलेल्या दोनांपैकी एक मी तर्काने निवडलं. तर्क वाईट नव्हता, आजही तो मला पटतो. फलकाचा मसुदा झाला. त्यातल्या एकाच्या नातलगांना जर्मनीत लिहायचं पत्रही तयार होतं, पाठवायचं बाकी होतं. त्याच सुमाराला क्यूला दुसऱ्याच कामासाठी मागवलेल्या बाडात त्या शेताचा अहवाल समोर आला. पान अर्धंही भरलेलं नव्हतं. गावाचं नाव, वेळ, आणि ढिगाऱ्यात सापडलेल्या एका बिल्ल्याचा आकडा. तो आकडा दुसऱ्या विमानातल्या माणसाचा निघाला.

पत्र गेलं नव्हतं, हे माझं नशीब. ऐंशी वर्षांनी कुणाच्या घरी ‘तुमचा माणूस इथे पडला’ असं कळवायचं आणि तो तिथे पडलेलाच नसावा, ही कल्पना मला अजून सहन होत नाही. तेव्हापासून ठिकाण हाती नसलेल्या कागदापासून मी सुरुवात करत नाही. विमानाच्या क्रमांकात चूक झाली तर फार तर अभ्यासक नाराज होतील. जागा चुकली तर भलत्या घरात दुःख नेऊन टाकल्यासारखं होतं.

रात्रीच्या प्रकरणांत आणखी एक अडचण: विमान संध्याकाळी उडतं आणि मध्यरात्रीनंतर पडतं, त्यामुळे दोन बाजूंच्या तारखांत एका दिवसाचा फरक पडलेला आढळतो. जर्मन यादी घेतली तर मागचा-पुढचा दिवस चाळल्याशिवाय उठू नका.

१९४४ चं प्रकरण असेल तर निवड आणखी सोपी होते, कारण क्वार्टरमास्टर जनरलच्या त्या वर्षाच्या बहुतेक याद्या उरलेल्याच नाहीत. त्या वर्षीचं माझं आवडतं उदाहरण २३-२४ फेब्रुवारीच्या रात्रीचं. केजी २ च्या एका डॉर्नियर २१७ मधून माणसांनी लंडनच्या वायव्येला, वेम्बलीच्या बाजूला, पॅराशूटने उड्या घेतल्या. रिकामं विमान तसंच उडत राहिलं आणि केंब्रिजला फारशी मोडतोड न होता स्वतःच पोटावर उतरलं. एका गावात विमान, माणूस एकही नाही. दुसऱ्या गावात माणसं, विमान नाही. विमान तपासणारे आणि कैद्यांशी बोलणारे, दोघांचेही कागद एकाच खात्यात होते, म्हणून ही जोडी लावता येते.

जर्मन कागदांना मी कमी लेखतो असं मात्र समजू नका. विमान समुद्रात गेलं असेल तर ब्रिटिश बाजूला बहुधा काहीच नसतं. तिथे जर्मन यादीच धरावी. तुमच्याकडे धडावरचा पूर्ण कोड स्पष्ट दिसणारा फोटो असेल, तर थेट यादी उघडा, एका दुपारचं काम आहे. आणि नावांच्या बाबतीत शेवटचा शब्द नेहमी जर्मन नोंदीचाच. ब्रिटिश अधिकाऱ्याने कानाने लिहिलेलं आडनाव मी कधीही फलकावर जाऊ देणार नाही. जन्मतारीख आणि जन्मगाव जुळल्यावर जर्मन युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या फोल्क्सबुंड संस्थेच्या ऑनलाइन शोधात कबरीचा क्रमांकही पाहून घ्यावा. ब्रिटनमध्ये विखुरलेल्या जर्मन कबरींपैकी पुष्कळशा पुढे स्टॅफर्डशरच्या कॅनक चेस इथल्या दफनभूमीत हलवल्या गेल्या, ती १९६७ मध्ये खुली झाली. गावच्या चर्चच्या आवारात कबर दिसली नाही म्हणजे माणूस तिथे पडलाच नव्हता, असा अर्थ काढू नका.

त्या केंटच्या शेताचा फलक आता लागला आहे. पाच नावं आहेत, स्पेलिंग बर्लिनच्या कागदावरून घेतलेलं आणि जागा क्यूच्या त्या अर्ध्या पानावरून.